माश्या मारायचे दिवस

मालक फौजेतून निवृत्त होऊन गावी आले त्या वर्षी शेजारच्या बाया मला विचारायच्या, "बाई, सायेब सध्या काय करून राहिले?" मी खरं तेच सांगायचे, "माश्या मारून राहिले." त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांना वाटायचं, नवऱ्याच्या रिकामपणाला बाई वैतागल्या. वैतागले होते हे खरं, पण माझ्या बोलण्यात अलंकार काही नव्हता. हा माणूस सकाळ-संध्याकाळ अंगणात उभा राहून, लांब काठीला लावलेल्या लांब दोरीच्या टोकाला बांधलेली खोटी माशी समोर ठेवलेल्या ताटलीत मारत होता. ताटली माझी होती, लग्नातल्या आहेरातली.

गावात नवऱ्याला मालक म्हणतात म्हणून मीही म्हणते. घरात कुणाचं चालतं ते गावाला ठाऊक आहे. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेतला. आवाज चढा, हात भरभर, आणि समोरचा वाक्य पुरं करेपर्यंत थांबणं माझ्या स्वभावात नाही. मालक त्याच्या अगदी उलटे. एक शब्द तोंडाबाहेर काढायचा तर आधी तो आत धुऊन-पुसून घेणार.

ते मेंढरं राखणाऱ्या घरातले. शिरड शहापूरच्या शिवारात मेंढरांमागं हिंडलेलं पोरगं फौजेत गेलं आणि फौजेनं त्याला हिमाचलात एका थंडगार नदीच्या काठी नेऊन ठेवलं. तिथले साहेब सुट्टीच्या दिवशी ट्राउट मासे धरायला जायचे. साहेबांची पिशवी धरायला म्हणून गेलेला आमचा माणूस काठी धरूनच परत आला. निवृत्तीच्या वेळी इतरांना घड्याळं मिळाली, ह्यांना साहेबांनी आपली जुनी काठी दिली. मी ट्रंक उघडून बघितलं तर शाली नाहीत, सुकामेवा नाही. हिरव्या कापडात गुंडाळलेली चार तुकड्यांची काठी आणि पिवळ्या दोरीची चकरी.

आमच्याकडं मासे धरतात ते जाळ्यानं, नाहीतर गळाला गांडूळ लावून. मरळ असेल तर बेडूक लावतात. गळाला जडपणा असतो, म्हणून तो फेकला की जातो. ह्यांच्या माशीला वजनच नसतं. बारीक आकड्याला लोकर आणि पीस गुंडाळून केलेली ती माशी हातावर ठेवली तर फुंकरीनं उडून जाईल. ती फेकायची कशी? तर माशी फेकायचीच नाही. दोरी फेकायची. दोरीला वजन असतं, ती जाते आणि जाताना माशीला बरोबर नेते. हे मला मालकांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे नवरदेवाला सोडून वऱ्हाड नाचवायचं." ते म्हणाले, "व्हय. वऱ्हाड बराबर पोचलं की नवरदेव पोचतोच."

माश्या ते घरीच बांधायचे. बोकडाच्या दाढीचे केस, कोंबड्याच्या मानेची पिसं आणि भावाच्या मेंढ्यांची लोकर. त्यांना पिवळी माशी हवी होती. आता हळदीच्या मुलखात पिवळ्या रंगाची काय कमी! लोकर हळदीत उकळली, छान पिवळीधमक माशी तयार झाली. एक रविवार चालली. घरी आल्यावर तिला माशांचा वास येतो म्हणून ह्यांनी ती कपड्याच्या साबणानं धुतली, आणि माशी लालभडक झाली. हळदीला साबण लागला की लाल होते हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं. मी इतकी हसले की दाराला धरून उभी राहिले. "अवो, हळदीचं कुंकू केलं तुमी!" मालक गुमान ती लाल माशी टोपीला टोचून गेले आणि त्या दिवशी धरणावर चिलापी माशांनी तिच्यावर उड्या घेतल्या. पुढं ते मुद्दाम साबणानं धुवायला लागले. माझा साबण संपायचा.

रविवारी आम्ही सिद्धेश्वर धरणाच्या मागच्या पाण्यावर जायचो. मोटारसायकलवर ते पुढं, मी मागं, माझ्या मांडीवर काठीची नळी आणि डबा. मला माशांशी काही घेणं नव्हतं. पण घरात एकटी बसून काय करू? पोरगी पुण्याला नोकरीला, शाळेला सुट्टी. मी एखाद्या बाभळीखाली सतरंजी टाकून बसायचे आणि ह्यांची पाठ बघायचे.

मालक गुडघाभर पाण्यात उभे. काठी वर उचलली की पाण्यावरची दोरी सगळी उठून त्यांच्या डोक्यावरून मागं जायची. मागं जाताना तिचा एक वळसा व्हायचा. वरचा पदर मागं धावतोय, खालचा थांबलाय, आणि मधला बाक मागंमागं सरकत उलगडत चाललाय. तो पुरता उलगडून दोरी मागं सरळ ताणली गेली की मगच ते काठी पुढं आणायचे, आणि तसाच वळसा पुढच्या बाजूला सुटायचा. वळसा अरुंद असला तर वाऱ्याला कापत जायचा. रुंद झाला तर वारा त्याला गोळा करून ह्यांच्याच अंगावर आणून टाकायचा. सगळी गोम त्या मधल्या क्षणात होती, काठी मागं जाऊन थांबलेली असते आणि दोरी अजून जात असते तेव्हा. त्या क्षणाला ते दर वेळी स्वतःशीच एक शब्द म्हणायचे. "दम."

काठी मागं. "दम." काठी पुढं.

हिमाचलातले साहेब त्या जागी कुठलातरी इंग्रजी शब्द म्हणायचे म्हणे. ह्यांना तो जमला नाही. लहानपणी मेंढरं पाण्यावर नेताना सगळी एकदम घुसायला लागली की ह्यांची आई ओरडायची, "दम खा, दम!" तोच शब्द ह्यांनी साहेबांच्या शब्दाच्या जागी बसवला. मेंढरं थांबत होती, दोरी पण थांबायला लागली.

येताना मात्र मालक बोलायचे. घरात मुका असलेला हा माणूस मोटारसायकलवर बसला की बोलका व्हायचा, कदाचित माझं तोंड दिसत नसे म्हणून. कुठली फेक का चुकली, मासा कसा आला आणि कसा वळून गेला, हिमाचलातल्या नदीत दगड कसे दिसायचे. "पाण्यावर फेकायचं न्हाई," ते मान तिरकी करून सांगायचे, "पाण्याच्या वर, मांडीइतकं उंच, हवेत फेकायचं. उरलेलं माशी बघती. पाण्यावर मारलं की थप्पड बसती पाण्याला, मासा पळतो." अर्धे शब्द मला ऐकू यायचे आणि अर्धे वारा घेऊन जायचा. मी हं हं करायचे. औंढ्याच्या फाट्यावर चहा प्यायला थांबलं की ते पुन्हा गप्प.

ते वाऱ्यावर गेलेले अर्धे शब्द मला आता हवे आहेत. कुणी विचारलं की बाई, तुम्हाला काय पाहिजे, तर मी दुसरं काही मागणार नाही.

दिवाळी होऊन गेली आणि एका सकाळी मालक दाढी करता करता खाली बसले. साबण एका गालावर तसाच. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. नांदेडला नेलं. पाय पुढं बराच सुधारला, काठी टेकत चालतात. हात तेवढा सुधारला नाही. आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, "ह्यांना सगळं समजतं, बाई. शब्द आत आहेत, पण बाहेर यायची वाट बंद झालीय. कधी कधी एखादा शब्द तेवढा शिल्लक राहतो. कुठला राहील सांगता येत नाही."

आमच्याकडं दम राहिला.

चहा देऊ का? "दम." झोपायचं का? "दम." पोरीचा फोन आहे, बोला. "दम." आता ह्या एका शब्दाचे आपल्या भाषेत किती धंदे आहेत बघा. माझी जाऊ धावत आली, "अक्का, दादांना दम लागला, डॉक्टरला बोलवा!" आणि दम्याचा पंप आणायला माणूस पाठवला. शेजारचे म्हातारबुवा भेटायला आले, त्यांच्याकडं बघून मालक दोनदा म्हणाले, "दम, दम," तर ते उठून गेले आणि गावात सांगितलं की सायेब आजारपणात पण दम देऊन राहिले. पोरगी फोनवर म्हणाली, "आई, बाबांना हिंगोलीची दम बिर्याणी पाहिजे असेल गं." मी हसले, फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले.

मी मास्तरीण. बोलायला न येणारी लेकरं बोलती करण्यात माझी हयात गेलेली. मी म्हटलं, हा तर एकच विद्यार्थी आहे. नांदेडच्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांचे पत्ते दिले होते. रोज सकाळी मी त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसायचे. कपाचं चित्र दाखवायचे. "काय हे? क... क..." ते चित्राकडं बघायचे, माझ्याकडं बघायचे, गळ्याची शीर ताठ व्हायची आणि यायचं ते "दम." मग त्यांनाच राग यायचा. एक दिवस त्यांनी डाव्या हातानं सगळे पत्ते उधळले आणि भिंतीकडं तोंड करून बसले. दुपारी जेवले नाहीत. मला त्यांना बरं करायचं होतं की मला माझं बोलणारं माणूस परत पाहिजे होतं, ते माझं मलाच सांगता येईना.

माघ संपत आला होता. सगळीकडं हळद शिजत होती, गावभर तो कच्चा उग्र वास. मी माळ्यावरून काहीतरी काढत होते आणि हातात ती हिरव्या कापडाची नळी आली. धूळ झटकायला म्हणून खाली आणली. पलंगावरून आवाज आला.

"दम."

पण हा दम वेगळा होता. इतके महिने ऐकलेला तो अडकलेला, घशात घासून आलेला शब्द नव्हता. हा हलका होता, जरा लांबवलेला. हा मी बाभळीखाली बसून ऐकलेला होता. मी नळीतून काठीचे तुकडे काढले, उलटेसुलटे जोडले. त्यांनी डाव्या हातानं खुणा करून ते सरळ करायला लावले. काठी त्यांच्या डाव्या हातात दिली. ती त्यांनी थोडा वेळ धरली, हलवून बघितली, आणि परत माझ्याच हातात ठेवली. मग बोटानं दाराबाहेर दाखवलं.

म्हणजे मी. ज्या बाईनं इतकी वर्षं ह्या उद्योगाला नावं ठेवली तिनं.

दिराच्या शेतात हळद वाळत घातली होती. तिच्या शेजारी मोकळी सपाट जागा होती. तिथं मालकांची खुर्ची मांडली. दोरीच्या टोकाला आकडा नको म्हणून लोकरीचा गोंडा बांधला आणि पुढं ताटली ठेवली. मी पदर खोचला आणि काठी उचलून दाणकन पुढं मारली. मागं सटकन चाबकाचा आवाज झाला, गोंडा तुटून कुठं गेला देवाला माहीत आणि दोरी माझ्याच खांद्यावर येऊन पडली. हळद उलथणाऱ्या बाया उभ्या राहून बघत होत्या. एक म्हणाली, "बाई, काहून हवेला मारून राहिल्या? तिनं काय केलं?"

"दम," खुर्चीतून आवाज आला.

"ऐकलं," मी म्हटलं, "पण किती दम? सांगा ना, किती?"

ते सांगू शकत नव्हते आणि माझा स्वभाव थांबायचा नव्हता. अशी आमची शाळा सुरू झाली. विद्यार्थी कोण आणि मास्तर कोण, ते उलटं झालेलं.

हळूहळू मला कळायला लागलं की त्यांच्याकडं एक शब्द आहे, पण तो म्हणायच्या तऱ्हा पुष्कळ आहेत. मी घाई केली की तो लांब यायचा, "दऽऽम." म्हणजे दोरी अजून मागं उलगडतेय, काठी आणू नकोस. वळसा पुरा व्हायच्या आत काठी पुढं ओढली की चाबूक वाजतो आणि माशी तुटते, हे त्या लांब दमानं शिकवलं. मी मनगट मोडून काठी पार मागं जमिनीकडं लोळवली की तो तुटक यायचा, "दम!" म्हणजे काठी खांद्याच्या जरा मागं गेली की तिथंच ठोकून थांबव. काठीचं टोक हवेत सरळ रेघेत गेलं आणि गचकन थांबलं तर वळसा अरुंद होतो. टोकानं अर्धा गोल काढला तर वळसा बैलगाडीच्या चाकाएवढा होतो आणि दोरी मध्येच जीव सोडते. मनगट काही ऐकेना तेव्हा त्यांनी खिशातून दस्ती काढून माझ्यासमोर धरली. दस्ती म्हणजे हातरुमाल, आमच्याकडं म्हणतात तसं. मला कळेना. त्यांनी माझं मनगट आणि काठीची मूठ एकत्र धरून दाखवली. मी डाव्या हातानं आणि दातानं दस्तीची गाठ मारली. मनगट बांधलं गेलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा वळसा निमुळता सुटला.

तिसरा एक दम होता, उतरता, जरा कंटाळलेला. मी रागारागानं जोर लावला की तो यायचा. एकदम धक्का दिला की काठी वाकून तिचं टोक खाली येतं, वळशाचा वरचा पदर खालच्या पदरावर आपटतो आणि दोरीच्या टोकाला आपोआप गाठ बसते. त्या गाठी मी सोडवत बसायचे आणि मालक आभाळाकडं बघत बसायचे. जोर हळू सुरू करून वाढवत न्यायचा आणि शेवटी थांबवायचा, एवढीच गोष्ट, पण माझ्यासारख्या बाईला ती शिकायला उन्हाळा लागला.

ते पत्ते मी कपाटात टाकले. गंमत म्हणजे इतके महिने मी शब्द मागत होते आणि तो मला मिळत नव्हता. आता एकाच शब्दात आम्ही भांडत होतो, चेष्टा करत होतो, एकमेकांवर चिडत होतो. तरी रात्री दिवा मालवला की मला वाटायचं, एकदा तरी हा माणूस म्हणू दे, बाई, आज भाजी खारट झाली.

ताटली जमायला लागल्यावर दीर आम्हाला टेम्पोतून गावाबाहेरच्या पाझर तलावावर सोडायला लागले. धरण लांब पडतं, आणि ती वाट मला त्यांच्या मोटारसायकलीवाचून नको वाटते. तलावाच्या बांधावर मालकांची खुर्ची, खाली पाण्यात मी, साडीवर त्यांचा जुना फौजी शर्ट. लोक थांबून बघायचे, मग त्यांना सवय झाली. पाण्यावर गेल्यावर नवीनच धडे सुरू झाले. जमिनीवरची दोरी पडल्या जागी राहते. पाण्यावरच्या दोरीला वारा ढकलतो, तिच्या पोटात बाक येतो आणि ती माशीला ओढत नेते. ओढलेली माशी बघून मासा वळतो, कारण खरा किडा असा पळत नाही. मालक खुर्चीतून डावा हात वाऱ्याकडं झुकवून दाखवायचे. दोरी हवेत असतानाच काठी वाऱ्याच्या बाजूला कलती करायची, म्हणजे दोरी आधीच उलट्या बाजूला बाक घेऊन पडते. तो बाक सरळ व्हायला वाऱ्याला वेळ लागतो आणि तेवढा वेळ माशी निवांत बसते. अंगठा काठीवर सरळ ठेवायचा आणि जिथं माशी पाहिजे तिथं अंगठ्यानं बोट दाखवल्यासारखं थांबायचं. नजर माशीवर नाही, जागेवर.

ह्या हिवाळ्यात एका रविवारी ते जमलं. तलावात एक बुडालेलं बाभळीचं खोड आहे, त्याचा एक फाटा पाण्याबाहेर येतो. त्याच्या सावलीत चिलापी फिरत होत्या. मी दोरी उचलली, मागं वळसा सुटला, उलगडला, काठीला दोरीचा ताण लागला. पुढं आणली, मांडीएवढ्या उंचीवर थांबवली, कलती केली. माशी फाट्याच्या बाजूला टेकली. थप्पड नाही, लाट नाही. लगेच पाणी फुटलं आणि तळहाताएवढी चिलापी लागली. मी ओरडले, "बघितलं का? अवो, बघितलं का?" मालकांनी डावा हात वर केला. चिलापी सोडून दिली आणि पुन्हा फेकलं. पुन्हा जमलं. ती सगळी सकाळ माझी होती. एकदा हाताला कळलं की ते सुटत नाही, पोहण्यासारखं आहे.

घरी येताना टेम्पोत मी एकटीच बोलत होते. वळणावर माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून मालक एक शब्द बोललेले नाहीत.

का बोलतील? माझी फेक चुकली की ते दम म्हणायचे. चुकलंच नाही. त्यांच्याजवळचा एक शब्द, तो मी माझ्याच हातानं, शिकता शिकता, खर्चून टाकला होता. पहिलीचं लेकरू वाचायला लागलं की मास्तरीण गप्प होते, हे मला नवीन नव्हतं. पण तिथं लेकराची मास्तरीण जाते, नवऱ्याचा आवाज जात नाही.

घरात तो दम होता, नाही असं नाही. चहाला दम, आंघोळीला दम. पण तो आजाराचा दम होता, घशात घासून येणारा. पाण्यावरचा तेवढा त्यांचा स्वतःचा होता. त्यात मला मोटारसायकलवरचा माणूस ऐकू यायचा. आणि आता तो मला ऐकू यायचा नव्हता, कारण मी हुशार झाले होते.

पुढच्या रविवारी मी पाण्यात उतरले, दोन फेकी चांगल्या टाकल्या. बांधावर शांतता. तिसऱ्या वेळी दोरी मागं गेली आणि मला कळत असताना, हातात ताण यायच्या आधीच, मी काठी पुढं ओढली.

"दऽऽम."

मी त्यांच्याकडं पाठ करून उभी होते म्हणून बरं. डोळे पुसायला शर्टाची बाही होती. नंतर मी मनगट मोडून बघितलं. "दम!" आला. उगाच जोर लावून दोरीला गाठ बसवली. उतरता दम आला, सोबत सुस्कारा. मग मी रविवारचा हिशोबच बसवला, चार बऱ्या फेकी आणि एक वाईट. चिलाप्यांनी माझी आशा सोडली. कुणी मासे विचारले की मी म्हणायचे, अजून शिकून राहिले मी.

पण त्यांनी जन्मभर दोरी बघितली होती. शिकणाऱ्याची चूक आणि मुद्दाम केलेली चूक सारखी नसते. पहिलीची पोरं खोटं खोटं रडतात ते मला वर्गाच्या दारातून कळतं, तर ह्यांना हे कसं कळणार नाही? गेल्या रविवारी मी चाबूक वाजवला आणि बांधावरून काही आवाज आला नाही. मी पुन्हा वाजवला. शांत. मी वळून बघितलं. मालक माझ्याकडंच बघत होते. तोंडाची चांगली बाजू हसत होती आणि ते मान हलवत होते, हळूहळू, एकदा इकडं, एकदा तिकडं.

पकडले गेले. मला लाज वाटली आणि वाईटही वाटलं. आता तो शब्दही संपला असं धरून मी पाण्याकडं तोंड केलं. उगाच उभं कसं राहायचं म्हणून दोरी उचलली आणि खरी फेक टाकायला घेतली. मागं वळसा सुटला, निमुळता, सरळ. हाताला ताण लागला. त्या फेकीत चूक नव्हती, मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

"दम," मालक म्हणाले.

माशी खोडाच्या सावलीत टेकली. मी दोरी पुन्हा उचलली, पुन्हा नीट, त्यांनी शिकवली तशी. "दम." ते पाण्याकडं बघत होते, मी जणू तिथं नाहीच. त्याच्या पुढच्या फेकीला पुन्हा. मी दर वेळी "हं" म्हणत गेले. त्या सकाळी आम्ही दोघं पोटभर बोललो.